तेल गळते, गाडी विकणे आहे

हमीदभाई बागवान कुणाच्याही दारात गेले की आधी पुठ्ठा अंथरत, मग गाडी लावत आणि मग सलाम करत. हा क्रम मी कधी चुकलेला पाहिला नाही. लग्नाच्या मांडवासमोर, दवाखान्याच्या आवारात, मार्केट यार्डात, कुठेही. मागे लोक हॉर्न वाजवत खोळंबलेले असले तरी हे शांतपणे उतरणार, डिकीतून डाळिंबाच्या खोक्याचा कापलेला पुठ्ठा काढणार, जागा बघून तो जमिनीवर ठेवणार, पुन्हा गाडीत बसणार आणि इंजिन बरोबर पुठ्ठ्यावर येईल अशी गाडी उभी करणार. कुणी ओरडलंच तर म्हणत, "तेल गळतं गाडीचं. दुसऱ्याच्या दारात डाग कशाला?"

तुम्ही दोघं इराला घेऊन मागच्या खेपेला आलात तेव्हा हा प्रकार पाहिला आहे. इराने मला विचारलं होतं, "आजी, त्यांची गाडी अजून लहान आहे का? खाली दुपटं का घालतात?" मी ते हमीदभाईंना सांगितलं. ते हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "लहान न्हाय म्हणावं. म्हातारी झालीय. म्हाताऱ्यांनाबी लागतं."

त्यांचं घर आणि आपलं घर यांच्या मधे शहाबादी फरशीची एक मोकळी जागा आहे. निम्मी त्यांची, निम्मी आपली. फरशी रोज धुवायची ही माझी शिस्त आणि गाडी तिथेच लावायची ही त्यांची गरज, यांच्या तडजोडीतून तो पुठ्ठा जन्माला आला. मला ते 'बाई' म्हणतात, कारण त्यांच्या शमीमला मी शाळेत इंग्रजी शिकवलं. "बाई, फरशीवर एक थेंब दिसला तर मला हाक मारा," असं त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. हाक मारायची वेळ त्यांनी कधी येऊ दिली नाही.

रोज सकाळी चहा झाला की ते बाहेर येत, उकिडवे बसून गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढत, उजेडाकडे धरून तो वाचत. वाचत असंच म्हटलं पाहिजे. पुठ्ठ्यावरच्या काळ्या थेंबांवरून गाडीचा स्वभाव त्यांना कळे. मग खिडकीकडे तोंड करून ते निकाल जाहीर करत, "जैबून, आज बरं हाय." किंवा, "आज जरा रागात हाय गं." खिडकीच्या आत पलंगावर बसून लसूण सोलणाऱ्या जैबूनभाभी म्हणत, "व्हय का? असू दे." हे संभाषण मी इतकी वर्षं ऐकलं आहे की कधी ते झालं नाही तर माझा चहा अळणी लागे.

हमीदभाई फळांचे व्यापारी. इंदापूर भागातल्या डाळिंबाच्या बागा बघायच्या, माल उचलायचा, बारामतीला खोकी भरायची आणि पुण्याला धाडायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आता ते थकले आहेत, धंदा पुतण्या बघतो. खोकं भरायची सर्वांची रीत अशी की खाली बारकी फळं, मधे मध्यम आणि वर लालबुंद तुकतुकीत फळांचा थर. हमीदभाईंच्या खोक्यात वरच्या थरात मधोमध एक डागाळलेलं डाळिंब असे, तेही डाग आकाशाकडे करून. "डाग वर," ते म्हणत. "चांगलं काय ते गिऱ्हाईक आपणच शोधतं. वाईट आपण दाखवावं." सुरुवातीला त्यांची खोकी दुपारपर्यंत तशीच पडून राहत. पुढे पुण्याचे लोक त्यांचा माल न उघडता उचलू लागले. हे त्यांनीच मला सांगितलं आणि लगेच जोडलं, "समदेच न्हाय हां बाई. काही जण अजूनबी मला येडाच समजत्यात."

हे तत्त्व खोक्यापुरतं राहिलं असतं तर प्रश्न नव्हता. पण ते घरात आलं. ईदला ते स्वतः शीरखुर्म्याचं भांडं घेऊन आपल्या दारात येत आणि मी झाकण उघडायच्या आत म्हणत, "दूध जरा लागलंय, बाई. खजूरबी औंदा बरी न्हाय." त्यांच्या मागून भाभींचा आवाज येई, "बाई, ऐकू नका त्यांचं. दूध तळहातावर जपलंय मी. आधी माझी नालस्ती, मग ईद मुबारक." शीरखुर्मा नेहमीच उत्तम असे.

शमीमला बघायला पाहुणे आले तेव्हाही मी तिथे होते. मुलाचे वडील स्थिरस्थावर होऊन पाणी पितात न पितात तोच हमीदभाई म्हणाले, "पोरगी शिकल्याली हाय, हाताला चव हाय. पण सकाळी उठल्यावर तासभर तिच्याशी कुणी बोलायचं न्हाय. बोलला तर जबाबदारी माझी न्हाय." आत शमीमने कपाळावर हात मारला. मुलाच्या वडिलांनी पेला खाली ठेवला आणि आपल्या बायकोकडे एक नजर टाकून म्हणाले, "मग आमच्या घरात रुळंल ती." लग्न ठरलं. आजही तिच्या सासरी सकाळी शांतता असते म्हणे.

त्या गाडीचं दुखणं जुनं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं सील गेलेलं. गॅरेजवाल्याने कधीच सांगितलं होतं की ते बदलायचं तर सगळं खाली उतरवावं लागेल, आणि जुन्या गाडीचं एवढं उतरवलं की चढवताना आणखी काहीतरी निघतंच. हमीदभाई म्हणाले, "गळू दे. वरनं घालू." डिकीत पुठ्ठ्याशेजारी तेलाचा डबा कायमचा मुक्कामाला आला. कुणी चेष्टा केली की ते म्हणत, "गळतीय तवर काळजी न्हाय. गळायची थांबली की समजायचं, आत तेलच उरलं न्हाय."

गाडीवाचून त्यांचं चालण्यासारखं नव्हतं, त्याचं कारण जैबूनभाभी. त्यांचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी त्यांना चढता येत नाही. आणि त्यांची आई इंदापूर तालुक्यात वरकुट्याला असते, इतकी म्हातारी की लेकीलाही कधी ओळखते, कधी नाही. पण भाभींच्या हातची आंघोळ तिला कळते. दुसऱ्या कुणी पाणी घातलं की ती ओरडते. भाभींनी घातलं की गप्प बसते. म्हणून दर आठवड्याला हमीदभाई भाभींना घेऊन वरकुट्याला जात. भाभी आईला न्हाऊ घालत, केस विंचरत, वेणी घालत, जेवून परत येत. सबंध आठवड्यात भाभींचं बाहेर जाणं तेवढंच.

गेल्या थंडीत भाभींच्या भावाने नवं घर बांधलं, त्याच्या जेवणाला मीही त्यांच्याबरोबर गेले. मी मागे, भाभी पुढे. पिंपळी मागे पडली आणि भाभी जे बोलायला लागल्या ते वरकुट्यापर्यंत थांबल्या नाहीत. "उसाचा टॅक्टर हाय पुढं. दोन ट्राल्या. मागं लाइट न्हाय. आता डावीकडं सायकलवाला. म्हस आडवी यायलीय, जाऊ दे तिला. गतिरोधक आला. हळू. आला, आला." पुढे बसून नवऱ्याला गाडी शिकवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण इतकं सविस्तर काम कधी ऐकलं नव्हतं. लासुर्ण्याच्या पुढे मी म्हटलंच, "भाभी, ते चालवतायत ना. त्यांना दिसतंय." भाभींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "सवय हाय, बाई," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पुढे बघून, "उजवीकडनं मोटरसायकल."

निमगावच्या अलीकडे हमीदभाईंनी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाला हॉर्न दिला. ढीग अर्थातच हलला नाही. आम्ही तिघंही हसलो. "म्हशीवानी दिसला," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर ते अगदी हळू चालवत होते. उसाच्या बैलगाडीच्या मागून आम्ही बराच वेळ तिच्याच चालीने आलो, आणि त्यांनी तिला ओलांडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

त्यानंतर ती गाडी रस्त्यावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचा निकाल होता, "जैबून, लई गळतंय गं आता. वाटंत बंद पडंल एकादिवशी. न्यायची न्हाय." भाभी म्हणाल्या, "मग अम्मीकडं?" "बघू." आठवडे गेले. वरकुट्याहून भावाचा फोन येई की अम्मी अंगाला पाणी लावू देत नाही. भाभी फोन ठेवून गाडीकडे बघत आणि तिला मनापासून शिव्या देत. "मेली नेमकी आत्ताच गळाय बसली." हमीदभाई ते मान खाली घालून ऐकून घेत, जणू गाडीच्या वतीने.

मधूनमधून ते रिक्षा करून "तेलाचं बघाय गॅरेजला जातो" म्हणून जात. आले की ओट्यावर डोळ्यांवर टॉवेल टाकून पडून राहत. "डोकं उठवलं गॅरेजवाल्यानं," म्हणत. गाडी मात्र दारातच. गाडी न नेता गॅरेजला जाऊन हे काय बघून येतात, हा प्रश्न मला पडला होता. पण हमीदभाईंच्या बाबतीत पडलेले सगळे प्रश्न विचारायचे ठरवले तर दिवस पुरायचा नाही.

मग एक दिवस गाडीच्या मागच्या काचेवर पाटी लागली. पेंटरकडून रंगवून घेतलेली. वरची ओळ हातभर अक्षरांत: 'तेल गळते'. खाली, जवळ गेल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत: 'गाडी विकणे आहे'. मी चष्मा लावून ती वाचली आणि म्हटलं, "हमीदभाई, ओळींचा क्रम उलटा झालाय का?"

"न्हाय, बाई. डाग वर."

पहिले काही दिवस लोक फक्त तेलाची बातमी द्यायला आले. "चाचा, तुमच्या गाडीचं तेल गळतंय, असं मागं लिवलंय." मग भिगवण रोडचा एक गाड्यांचा एजंट आला. त्याने पाटी आधी काढून हातात घेतली. "चाचा, इंजिन डिझेलनं धुऊन काढू. वरनं पॉलिश. दुपारपतुर गाडी जाती बघा."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी ती दुसऱ्याच्या दारात गळंल. आपलं काय त्यात?"

हमीदभाईंनी त्याच्या हातातून पाटी घेतली, सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि परत काचेवर लावली. "चहा घेऊन जावा," म्हणाले. एजंटाने चहा घेतला आणि जाताना मला हळूच विचारलं, "चाचा बरं हायत ना?"

कोऱ्हाळ्याचा एक नवरदेव बायकोला घेऊन आला. गाडी त्यांना आवडली होती. हमीदभाईंनी पुठ्ठा दाखवला, डबा दाखवला, तेल कसं बघायचं ते दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "गळायची थांबली तर खूश होऊ नका." नव्या नवरीचा चेहरा उतरला. पण नवरदेव तयार होता. तेव्हा हमीदभाईंनी विचारलं, "गाडी कुठल्या रस्त्यानं चालवणार?"

"पुण्याला असतो मी. तिकडंच नेणार."

"मग न्हाय जमायचं."

हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. पुण्याचं म्हटलं की नकार. फलटणचं म्हटलं की नकार. एकाने चिडून विचारलं, "चाचा, गाडी विकताय का पोरगी देताय?" त्यावर ते म्हणाले, "पोरगी देताना एवढं इचारलं नव्हतं." गाडी तिथेच राहिली. मला वाटू लागलं की यांना ती विकायचीच नाही. भाभींना तर खात्रीच होती.

मग एका रविवारी सकाळी मी फरशी धुवायला बाहेर आले आणि आपल्या बाजूच्या फरशीवर मला तेलाचे थेंब दिसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पुठ्ठा होता, पण वीतभर बाजूला, चाकाजवळ. मी हाक मारणार तेवढ्यात हमीदभाई आले, रोजच्यासारखे उकिडवे बसले. चाचपून पुठ्ठा ओढला. उजेडाकडे धरला. या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला. नवा पुठ्ठा होता, आतली बाजू पांढरीशुभ्र. त्याच्यावर काहीही नव्हतं.

"जैबून," ते म्हणाले, "आज जरा जास्तच हाय गं."

खिडकीत भाभी होत्या. तिथून तो पुठ्ठा स्वच्छ दिसत होता. थेंबही दिसत होते. "व्हय का?" त्या म्हणाल्या. "असू दे."

ते पुठ्ठा परत सरकवून आत गेले. भाभींनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी फडकं आणून फरशी पुसली.

दहाच्या सुमारास पिंपळीचे सोनवणे मास्तर गाडी बघायला आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, शांत माणूस. "चाचा, पाटी वाचूनच आलोय," ते हसून म्हणाले. "रोज मोटरसायकलवर जाऊन पाठ गेली."

"कुठल्या रस्त्यानं चालवणार गाडी?"

"इंदापूर रोडनं. घर पिंपळीला. शाळा वरकुट्याच्या अलीकडं."

हमीदभाईंनी आतून खुर्ची आणली. आजवर एकाही गिऱ्हाइकाला त्यांनी खुर्ची दिली नव्हती. भाभी काठी टेकत ओट्यावर येऊन बसल्या. मास्तर गाडीचं दार उघडणार, तोच हमीदभाई म्हणाले, "थांबा, मास्तर. आधी डाग."

ते गाडीशी गेले, वाकले, पुठ्ठा काढला आणि दोन्ही हातांवर ताट धरावं तसा मास्तरांपुढे आणला. "हे रात्रीचं. हे बघा. हितं, आणि हितं पसरलंय." त्यांचं बोट पांढऱ्या पुठ्ठ्यावर फिरत होतं.

मास्तरांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग अवघडून म्हणाले, "चाचा, हा तर कोरा आहे."

मग ओट्यावरून भाभींचा आवाज आला, अगदी रोजचा. "मघाशी मीच बदलला तो, मास्तर. तेलाचा टाकून दिला. त्यांना सांगायचं राहिलं."

हमीदभाईंनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी पुठ्ठ्यावरून तळहात फिरवला. बोटं अंगठ्यावर चोळून पाहिली. कोरडी होती.

"न्हाय, जैबून," ते म्हणाले. "सकाळपासनं ह्योच हाय."

मग ते मास्तरांकडे वळले. "गाडीचा डाग दाखवायचा म्हणून एवढी पाटी लावली. एक डाग खाली दाबला मी. मास्तर, माझं डोळं गेल्यात. समदं धुरकट हाय, आणि एका बाजूचं तर न्हाईच. काचबिंदू म्हणत्यात. गेलेलं येत न्हाय, उरलेलं थेंबावर टिकंल म्हणतो डॉक्टर. गाडी गळती म्हणून विकत न्हाय मी. गळती गाडी मी चालवली असती. मला चालवता येत न्हाय म्हणून विकतोय."

भाभी काठीच्या मुठीकडे बघत होत्या. "मला माहीत हाय," त्या म्हणाल्या.

"कवापासनं?"

"खडीच्या ढिगाला हॉर्न दिलात त्येच्या आधीपासनं. न्हायतर मी काय खुळी हाय, समदा रस्ता बडबड कराय?" मग मान वर करून म्हणाल्या, "आणि गॅरेजातनं आल्याला माणूस डोळ्यावर टॉवेल टाकून निजतं व्हय? त्येच्या हाताला काळं असतं. तुमचं हात माझ्यापरास सोच्छ."

मागच्या सीटवरून मी 'त्यांना दिसतंय' म्हटल्यावर त्यांनी वळून माझ्याकडे का पाहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी आमची गाडी कुणाच्या अंगावर गेली नाही हे आमचं आणि त्या रस्त्यावरच्या सगळ्यांचं नशीब. तसं करणं चूकच होतं, आणि हे त्या दोघांनाही कळलं होतं. म्हणून तर तिथून आल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली ती पुन्हा काढली नाही, आणि भाभींनी एकदाही आग्रह केला नाही. शिव्या दिल्या त्या फक्त गाडीला.

मास्तर खुर्चीत बसले. पुठ्ठा त्यांनी मांडीवर घेतला. मग त्यांनी विचारलं, "तेल कुठलं घालता, चाचा?"

हमीदभाईंनी सांगितलं. कधी घालायचं, किती दिवसांनी बघायचं, कुठला आवाज आला की थांबायचं, सगळं सांगितलं. "आणि गळायची थांबली तर—"

"खूश व्हायचं नाही," मास्तर म्हणाले. "कोऱ्हाळ्याच्या पाव्हण्याकडनं ऐकलंय ते."

"एक अट हाय," हमीदभाई म्हणाले. "शनवारी तुमची सकाळची शाळा. जाताना जरा वाट वाकडी करायची, हिला हितनं घेऊन वरकुट्याला सोडायचं. येताना घेऊन यायचं. तिची आई हाय तिथं. दुसऱ्या कुणाच्या हातनं आंघोळ करत न्हाय."

भाभींनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे केलं. पुण्याच्या आणि फलटणच्या गिऱ्हाइकांना इतके दिवस परत का पाठवलं, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

मास्तर म्हणाले, "पुठ्ठाबी न्यायचा का बरोबर?"

"तो तर गाडीबरोबरच हाय."

मास्तर गेल्यावर मी हमीदभाईंना विचारलं, "घरात तरी सांगायचं होतं. तुम्ही तर जगाला डाग दाखवत फिरता." ते ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "बाई, गाडीवर रागावता येतं. ती गाडीला शिव्या द्यायची, मला बरं वाटायचं. माझं डोळं गेलं म्हणून सांगितलं असतं, तर ती रागावली नसती. अम्मीचं नावच काढलं नसतं तिनं. गप बसली असती. तिचं गप बसणं मला सोसत न्हाय."

आता दर शनिवारी पहाटे मास्तर येतात. हमीदभाईही जातात, घरी एकटे बसून करणार काय. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. मी पुढे, ती दोघं मागे. पिंपळी मागे पडली आणि भाभी बोलायला लागल्या. गाडी चालवणाऱ्याला सगळं दिसत असूनही त्यांचं थांबलं नाही, फक्त आवाज खाली आला होता. "डावीकडं डाळिंबाची बाग आली. नवीच हाय. झाडाला काठ्या लावल्यात. फळ बारकं हाय अजून."

"डाग हाय का?"

"न्हाय."

"एवढ्या लांबनं दिसतंय व्हय तुला? दिसत न्हाय म्हण."

"बरं. दिसत न्हाय."

वरकुट्याला पोचल्यावर भावाच्या दारात मास्तर आधी उतरले. डिकीतून पुठ्ठा काढला, जागा बघून अंथरला, मग गाडी त्याच्यावर घेतली.

आपल्या मधली फरशी आता मोकळी असते. मी ती धुते, लवकर आटोपतं. सकाळचा चहा झाला की हमीदभाई त्याच वेळेला बाहेर येतात, पण उकिडवे बसत नाहीत. ओट्यावर बसून मान मागे टाकतात. भाभी काठी भिंतीला लावतात, डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरतात आणि औषधाची बाटली डोळ्यावर आणतात. थेंब आत जातो, थोडा गालावर येतो.

"निम्मं भाईरच गेलं, जैबून," परवा ते म्हणत होते. "नीट घाल की."

भाभींनी पदराने त्यांचा गाल पुसला.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "गळतंय तवर काळजी न्हाय."